सूक्ष्मतरंगांचे जनक : जगदीशचंद्र बोस

सर जगदीशचंद्र बोस हे नाव घेतले की वनस्पतींचे प्रयोग आठवतात. परंतु त्यापूर्वीचे त्यांचे कार्य आपल्या विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला प्रथम बंगाली शाळेतच घातले. तेथे जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. हे मित्र घरी आले की आई सर्वांना सारखेच खाऊ घाली. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

केंब्रिजहून परतल्यावर १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपियन प्राध्यापकांपेक्षा वेतन कमी, म्हणून त्यांनी तीन वर्षे ते घेतलेच नाही. शिकविणे मात्र एक दिवसही थांबविले नाही. पगार एक महिना लांबला तर आपणा शिक्षकांच्या घरी काय होते, हे मी सांगायला नको! अखेर सरकार नमले आणि मागील सर्व बाकीसह पूर्ण वेतन मिळाले.

१८९४ पासून एका लहानशा खोलीत, देशी कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडविली. हर्ट्झच्या लहरी लांबलचक. बोस यांनी त्या पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली व दारू पेटविली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा १८९७ मधील दोन लोलकांचा प्रयोग. लोलकात शिरलेली लहर तिरक्या पृष्ठावर आदळून पूर्ण परत फिरते. आता दुसरा लोलक त्या पृष्ठाजवळ आणा. मधली हवेची फट पुरेशी अरुंद झाली की लहरीची काही शक्ती फट ओलांडून पलीकडे जाते. जितकी पलीकडे जाते तितकीच परावर्तनात कमी पडते. फट आणखी अरुंद केली की पार जाणारी शक्ती वाढते. प्रकाशाच्या बाबतीत ही फट इतकी सूक्ष्म लागते की ती मोजणे अवघड. बोस यांच्या लहरींसाठी ती मिलिमीटरांत मोजता आली. पलीकडे किती शक्ती जाऊ द्यायची हे ठरविणारी दोन लोलकांची साधने पुढे सूक्ष्मतरंग प्रयोगशाळांत वापरात आली, ती याच तत्त्वावर.

पेटंटची त्यांना ओढ नव्हती. स्नेह्यांच्या आग्रहाने १९०४ साली एक अमेरिकन पेटंट मिळाले, पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन मंदिर स्थापिले आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले. त्यांची काही मूळ उपकरणे त्या संस्थेने जपून ठेवली आहेत.