लिंबू आणि आरमार : डॉ. जेम्स लिंड

१७५६ ते १७६३ या काळात ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात जे सप्तवार्षिक युद्ध झाले, त्यात ब्रिटिश आरमाराने सुमारे १,८५,००० माणसे भरती केली. युद्ध संपल्यावर हिशेब प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष लढाईत मेलेले १५१२. रोगाने मेलेले आणि पळून गेलेले मिळून १,३३,७०८. हे आकडे वाचून मी पुन्हा एकदा वाचले, कारण मला वाटले छपाईत शून्य चुकले असेल. शत्रूच्या तोफेने एक माणूस जात होता, तेव्हा या दुसऱ्या खात्यात जवळजवळ नव्वद माणसे जमा होत होती. यातला मोठा वाटा ज्या रोगाचा होता त्याचे नाव स्कर्व्ही, आणि त्याच्यावरचा उपाय या युद्धाच्या नऊ वर्षे आधीच एका डॉक्टरने करून दाखवला होता. त्या डॉक्टरची ही हकिकत.

जेम्स लिंड यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७१६ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबर्ग येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. १७३१ मध्ये त्यांना जॉर्ज लँगलँड्स नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवारीसाठी ठेवले. म्हणजे तेव्हा ते आपल्या नववी-दहावीच्या कॅडेट्सएवढेच होते. त्या काळी शल्यवैद्य होण्यासाठी आधी पदवी लागत नसे. गुरूच्या हाताखाली जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि बघून शिकायचे. आठ वर्षे असे शिकून १७३९ मध्ये लिंड ब्रिटिश आरमारात शल्यवैद्याचे मदतनीस म्हणून दाखल झाले. भूमध्य समुद्र, आफ्रिकेचा पश्चिम किनारा, वेस्ट इंडीज बेटे अशी त्यांची चाकरी झाली. १७४७ मध्ये त्यांना बढती मिळाली आणि ते सॅलिसबरी या ५० तोफांच्या युद्धनौकेवर मुख्य शल्यवैद्य झाले.

आता त्या रोगाबद्दल सांगतो, कारण तो समजल्याशिवाय लिंड समजत नाहीत. खलाशाला रोज मिळायचे काय, तर दगडासारखे बिस्किट, खारवलेले गाईचे किंवा डुकराचे मांस, वाटाणे, ओटचे पीठ, चीज आणि बिअर. पोटभर मिळायचे, आपल्या मेसमध्ये दुसऱ्यांदा वाढून घेतात तसे. पण ताजी भाजी नाही, फळ नाही. किनारा सोडून दोन-तीन महिने झाले की माणूस आधी थकायचा. कामावर यायला टाळाटाळ करायचा, गुडघे दुखतात म्हणायचा. मग हिरड्या सुजून काळ्या पडायच्या, तोंडाला घाण वास यायचा, दात हलायचे. पायांवर जांभळे डाग उठायचे. शेवटी एखाद्या दिवशी हॅमॉकमधून उठून उभा राहतानाच तो कोसळून मरायचा.

सगळ्यात भयंकर गोष्ट जुन्या जखमांची. कमोडोर अ‍ॅन्सन यांनी १७४० मध्ये सहा युद्धनौका घेऊन जगप्रदक्षिणा सुरू केली. सुमारे १९०० माणसे निघाली होती. १७४४ मध्ये एकटे सेंच्युरियन जहाज परत आले, तेव्हा मूळच्या माणसांपैकी दोनशेसुद्धा त्यावर नव्हते. त्या सफरीत एक म्हातारा खलाशी होता. पन्नास वर्षांपूर्वी आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत झालेल्या आणि कधीच्या भरून आलेल्या त्याच्या जखमा जहाजावर पुन्हा उघडल्या. याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. आपल्या कातडीत, हिरड्यांत, रक्तवाहिन्यांत, हाडांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ते घट्ट बांधण्यासाठी शरीराला क जीवनसत्त्व लागते. बांधलेली वीण झिजत असते आणि पुन्हा विणावी लागते. क जीवनसत्त्व संपले की विणणे थांबते. कुत्रा, बकरी, उंदीर हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकड आणि गिनिपिग यांना ते जमत नाही, म्हणून आपल्याला ते ताटातूनच मिळवावे लागते. शरीरातला साठा साधारण दोन-तीन महिने पुरतो आणि स्कर्व्ही टाळायला दिवसाला जेमतेम १० मिलिग्रॅम पुरतात. एका संत्र्यात त्याच्या पाचपट तरी असते. इतक्या थोड्याशा गोष्टीसाठी हजारो माणसे मेली.

त्या वेळी मात्र कोणालाच हे माहीत नव्हते. कोणी म्हणे समुद्राची दमट हवा वाईट, कोणी म्हणे खारे मांस, कोणी म्हणे शरीर आतून सडते. बरेच अधिकारी समजत की आळशी माणसांनाच हा रोग होतो, म्हणून त्यांना जबरदस्तीने कामाला लावा. खरे तर आळस हे रोगाचे पहिले लक्षण होते. सकाळच्या पीटीला न जाता एम. आय. रूमच्या बाहेर रांगेत बसलेल्या कॅडेटकडे बाकीचे ज्या नजरेने बघतात, ती नजर सगळ्यांच्या ओळखीची आहे. सॅलिसबरीवर तशा नजरेने बघितले गेलेले लोक खरोखर मरत होते.

२० मे १७४७ रोजी लिंड यांनी स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. जितके सारखे मिळतील तितके सारखे निवडले : सगळ्यांच्या हिरड्या खराब, अंगावर डाग, गुडघ्यांत जोर नाही. त्या सर्वांना जहाजात एकाच जागी झोपवले आणि एकच जेवण दिले. सकाळी साखर घातलेली पातळ पेज, दुपारी कधी मटणाचा रस्सा, कधी पुडिंग, रात्री बार्ली आणि मनुका, भात, साबुदाण्याची खीर असले काही. मग त्यांच्या सहा जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला एकेक वेगळा उपाय दिला. पहिल्या जोडीला रोज लिटरभर सफरचंदाची आंबवलेली सायडर. दुसरीला पातळ केलेल्या गंधकाम्लाचे २५ थेंब, दिवसातून तीन वेळा. तिसरीला दोन-दोन चमचे व्हिनेगर. चौथीला, आणि हे दोघे सगळ्यांत जास्त आजारी होते, पाव लिटरहून थोडे जास्त समुद्राचे पाणी. पाचवीला दोन संत्री आणि एक लिंबू. सहावीला लसूण, मोहरी, मुळ्याचे वाळलेले मूळ आणि बोळ वगैरे कुटून केलेली जायफळाएवढी गोळी.

आज हे वाचून हसू येते, विशेषतः समुद्राचे पाणी पिणाऱ्यांची दया येते. पण यातला एकही उपाय लिंड यांनी मनाने काढलेला नव्हता. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी मोठा माणूस उभा होता. गंधकाम्ल मोठमोठे डॉक्टर सुचवत, व्हिनेगर जहाजांवर असायचेच. ज्येष्ठ लोक काय म्हणतात यावर वाद न घालता, सगळ्यांचे म्हणणे एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सारख्याच माणसांवर तपासून बघायचे, ही लिंड यांची खरी हुशारी. विज्ञानाच्या पुस्तकात नियंत्रित प्रयोग म्हणून जो धडा असतो, त्याची माणसांवर केलेली ही अगदी सुरुवातीची उदाहरणे.

सहा दिवसांत जहाजावरची संत्री-लिंबे संपली. पण तेवढे पुरेसे झाले. ती खाणाऱ्या दोघांपैकी एक जण सहा दिवसांतच कामावर हजर झाला आणि दुसरा इतका बरा झाला की उरलेल्या दहा जणांची शुश्रूषा करायला त्यालाच नेमले. सायडर पिणारे थोडेसे सुधारले. बाकीचे होते तसेच राहिले.

एखाद्या सिनेमात यानंतर लगेच आरमाराच्या मुख्यालयातून हुकूम निघाला असता. तसे काही झाले नाही. लिंड १७४८ मध्ये आरमार सोडून एडिनबर्गला परतले, तिथे त्यांनी एम. डी. पदवी घेतली आणि स्वतःचा दवाखाना चालवला. १७५३ मध्ये त्यांनी स्कर्व्हीवर चारशेहून जास्त पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अ‍ॅन्सन यांना अर्पण केला. पण तो प्रयोग त्या जाड ग्रंथाच्या मधल्या काही पानांतच आहे. आधी काय, मागे काय, तर जुन्या वैद्यांची मते आणि घामाची रंध्रे दमट हवेने बंद होतात असा स्वतः लिंड यांचा सिद्धांत. डोळ्यांनी बघितलेला निकाल एकीकडे आणि डोक्यातला सिद्धांत दुसरीकडे, आणि त्यांनी दोन्ही धरून ठेवले. मला वाटते, सगळा घोळ इथे झाला. लिंबाने माणूस बरा होतो हे त्यांनी लिहिले, पण लिंबू हाच उपाय आणि बाकी सगळे व्यर्थ, असे टेबलावर मूठ आपटून म्हटले नाही.

दुसरी गोष्ट अजून वाईट झाली. ताजी फळे महिनोन् महिने टिकत नाहीत, म्हणून लिंड यांनी रस टिकवण्याची युक्ती सांगितली. संत्र्या-लिंबांचा रस भांड्यात घालून ते भांडे उकळत्या येणाऱ्या पाण्यात ठेवायचे आणि काकवीसारखा दाट होईपर्यंत कित्येक तास आटवायचा. मग तो बाटलीत भरायचा. बाटलीत वास राहिला, आंबटपणा राहिला, पण क जीवनसत्त्व बहुतेक उडून गेले, कारण उष्णता आणि हवा यांच्यापुढे ते टिकत नाही. हा रस जहाजांवर देऊन बघितला आणि गुण आला नाही, तेव्हा लोकांना वाटले लिंबातच काही नाही. (भाजी चिरून तासन् तास ठेवणे, मग भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणे, यानेही हेच होते. आपल्या मेसमध्ये लिंबाची फोड जेवणाच्या शेवटी ताटात कच्ची येते, ते बरोबर आहे. ती चाखून न बघता ताटाच्या कडेला सोडणारे कॅडेट मी रोज बघतो.)

१७५८ मध्ये लिंड पोर्टस्मथजवळच्या हास्लर येथील आरमाराच्या नव्या रुग्णालयाचे प्रमुख वैद्य झाले आणि पुढची पंचवीस वर्षे तिथेच होते. पहिल्या दोन वर्षांत पावणेसहा हजारांच्या आसपास रुग्ण आले, त्यांतले अकराशेहून जास्त स्कर्व्हीचे. एवढे रुग्ण बघूनही त्यांची खात्री वाढण्याऐवजी कमी होत गेली. हास्लरला ताजे जेवण मिळायचे, त्यामुळे काहीही औषध दिले तरी माणसे बरी व्हायची. पण त्यांनी इतर पुष्कळ कामे केली. नव्या भरतीच्या माणसांना आधी वेगळ्या जहाजावर ठेवा, आंघोळ घाला, स्वच्छ कपडे द्या आणि मगच ताफ्यात पाठवा, हे त्यांनी सांगितले; त्यामागे टायफस ज्वर रोखण्याचा विचार होता. समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते, हे त्यांनी १७६०च्या सुमारास दाखवले. जहाजावर ओल्या ब्लँकेटवर आळीवाचे बी पेरून हिरवा पाला उगवा, असेही सुचवले. हे ऐकून घरी मोड आणलेली मटकी आठवते. बीला मोड आले की त्यात क जीवनसत्त्व तयार होते, म्हणजे तो सल्ला अगदी बरोबर होता.

मधल्या काळात कॅप्टन कुक यांच्या सफरींत स्कर्व्हीने फारशी माणसे मेली नाहीत आणि त्याचे श्रेय मोड आलेल्या बार्लीच्या काढ्याला देण्यात आले. खरे श्रेय कुक प्रत्येक किनाऱ्यावर उतरून जी ताजी भाजी गोळा करत त्याचे होते. पण काढा स्वस्त होता आणि लिंबे महाग, त्यामुळे आरमाराने काढा धरला.

लिंड १७८३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा जॉन आला. १३ जुलै १७९४ रोजी गॉस्पोर्ट येथे लिंड वारले. पोर्टचेस्टरच्या चर्चमध्ये त्यांना पुरले आहे.

त्या दिवशी सफोक नावाची युद्धनौका भर समुद्रात होती. ती २ एप्रिलला इंग्लंडहून निघाली होती आणि प्रत्येक खलाशाला रोजच्या ग्रॉगमध्ये थोडासा न आटवलेला लिंबाचा रस मिळत होता. वाटेत कुठेही किनाऱ्याला न लागता, २३ आठवडे आणि १ दिवसाने, ११ सप्टेंबरला ती आपल्या मद्रासला पोहोचली. स्कर्व्हीने एकही माणूस मेला नव्हता. लिंड यांचा ग्रंथ वाचलेले डॉ. गिल्बर्ट ब्लेन तोपर्यंत आरमाराच्या वैद्यकीय मंडळावर आले होते. १७९५ मध्ये लिंबाचा रस देण्याचा निर्णय झाला. सॅलिसबरीवरच्या प्रयोगाला तेव्हा ४८ वर्षे झाली होती. लिंबात नेमके काय आहे हे शोधायला तर १९३२ साल उजाडले. त्याबद्दल हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

यात आपला एक संबंध आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे १४७ दिवस मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचे ताजे मांस खाल्ले, त्यात थोडे क जीवनसत्त्व असते. हिंदी जवानांपैकी पुष्कळांनी धर्माच्या कारणाने ते बराच काळ नाकारले. भाजी जवळजवळ नव्हतीच. हिंदी जवानांमध्ये स्कर्व्ही पसरली, हिरड्या सुजल्या, पाय धरले, जखमा भरेनात. सॅलिसबरीवरच्या त्या सहा दिवसांना तेव्हा १६९ वर्षे होत आली होती.