हिदेयो नोगुची : मेंदूतला जंतू शोधणारा शास्त्रज्ञ

जिद्दीचा धडा म्हणून हिदेयो नोगुचींची गोष्ट फार सोयीची आहे. १८७६ साली जपानमधल्या फुकुशिमा भागात, गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्म. दीड वर्षाचं पोर घरातल्या शेकोटीत पडलं, डाव्या हाताची बोटं जळून चिकटली. पुढे कोबायाशी गुरुजींनी त्याची हुशारी हेरली. शाळेनं पैसे गोळा केले, शस्त्रक्रिया झाली, आणि मुलानं डॉक्टर व्हायचं ठरवलं. आपण बहुतेक इथेच थांबतो. खरी गोष्ट मात्र पुढे आहे बरं का!

१९०० साली ते अमेरिकेत गेले, मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांत एका विशिष्ट आजाराचे पुष्कळ रोगी असत. चांगला कर्ता माणूस एकाएकी बदलायचा. स्वतःला राजा समजायचा, पैसे उधळायचा. मग जीभ अडखळे, हात थरथरत, स्मरण जाई, शेवटी अंग लुळं पडून मृत्यू. यातल्या बहुतेकांना दहा-वीस वर्षांपूर्वी उपदंश, म्हणजे सिफिलिस, झालेला असे. अंगावरची जखम आपोआप भरून येई, माणूस विसरून जाई. डॉक्टरांना संशय होता, पण मेंदूत जंतू कुणालाच सापडला नव्हता.

नोगुचींनी अशा ७० मृतांचे मेंदू तपासले. १९१३ साली त्यातल्या १४ मेंदूंत त्यांना तो मळसूत्रासारखा जंतू दिसला. म्हणजे बघा, ज्याला लोक निव्वळ वेड म्हणत होते, तो मेंदूला झालेला संसर्ग होता. पेनिसिलिन मिळायला मात्र आणखी तीस वर्षं जावी लागली.

आता अवघड भाग. याच आजारासाठी त्यांनी त्वचेवरची एक चाचणी काढली होती. मेलेल्या जंतूंचा अर्क ते टोचत. रुग्णांबरोबर निरोगी मुलांनाही टोचला, त्यात अनाथ मुलंही होती. संमती घेतली नव्हती. धोका नाही असं त्यांचं म्हणणं होतं, तरी बराच गदारोळ झाला. नववीच्या वर्गात मी हे वगळणार होतो, पण सांगितलं. एका मुलीनं विचारलं, की त्या अनाथ मुलांच्या वतीनं नाही म्हणायला कोण होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे पीतज्वराचा जंतूही सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. ते चुकलं होतं, तो रोग विषाणूचा. त्याचाच छडा लावायला ते आफ्रिकेत अक्रा इथे गेले आणि २१ मे १९२८ रोजी पीतज्वरानंच गेले.