आजारपणातले बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी आमच्या वसतिगृहातील मुले परमपूज्य बाबासाहेबांवर भाषणे करतात. ती ऐकतच आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. अठरा-अठरा तासांचा अभ्यास, चवदार तळे, गोलमेज परिषद, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी, असा तो प्रवास असतो. आणि मग एकदम महापरिनिर्वाण येते. त्याआधीची आठ-दहा वर्षे त्या महापुरुषाच्या शरीराचे काय चालले होते, हे कोणी सांगत नाही. आम्हीही कधी सांगितले नाही. स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा या वेळी तेवढेच सांगावे असे आम्ही ठरविले. मुलाला वसतिगृहात दाखल करताना त्याचा आजार लपविणारे पालक आम्ही पाहिले आहेत. आजार म्हणजे कमीपणा, कुठल्या तरी जन्मीचे भोग, ही समजूत धम्म स्वीकारलेल्या घरांतूनही पुरती गेलेली नाही.

बाबासाहेबांना आजारपण घरातच भेटले होते. पाच अपत्यांपैकी यशवंतराव तेवढे जगले. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. माता रमाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी राजगृहात निवर्तल्या. पुन्हा लग्न करावयाचे नाही, असा निश्चय बाबासाहेबांनी त्यानंतर केला आणि पुढील बारा-तेरा वर्षे पाळला. त्या वर्षांत त्यांनी शरीराकडे पाहिले नाही हे कबूल केले पाहिजे. राजकारण, मजूरमंत्रिपद, ग्रंथलेखन, सिद्धार्थ महाविद्यालयाची उभारणी आणि रात्रीची जागरणे. त्याची किंमत १९४० नंतरच्या दशकात वसूल होऊ लागली. मधुमेह बळावला, संधिवात जडला, मज्जातंतूंच्या दाहाने पाय इतके दुखू लागले की रात्र रात्र झोप येईना. दृष्टीही पुढे मंदावत गेली.

नेमक्या याच काळात, २९ ऑगस्ट १९४७ रोजी, मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समितीत सात सभासद होते. कोणी राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, कोणी अमेरिकेत, कोणी संस्थानी कारभारात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. अखेर मसुद्याचे ओझे एकट्या बाबासाहेबांवर पडले, हे समितीचेच एक सभासद टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितले. हा प्रसंग आमची मुले नेहमी सांगतात. मात्र इतरांच्या प्रकृतीचा उल्लेख त्यात येतो, आणि ज्यांच्यावर ओझे पडले त्यांचीच प्रकृती ढासळलेली होती, एवढे मात्र राहून जाते.

उपचारांसाठी ते मुंबईला डॉ. मालवणकर यांच्याकडे जात. तेथेच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. मार्च १९४८ मध्ये दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपला जुना निश्चय मोडत असल्याचे मोकळेपणाने कळविले. सुशिक्षित, वैद्यक जाणणारी आणि पथ्याचा स्वयंपाक करू शकणारी सहचारिणी आपल्याला हवी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या पत्रात भावनेचा आव नाही. आपण एकटे राहिलो तर जगणार नाही आणि हाती घेतलेले कार्य अर्धवट राहील, हे त्यांनी ओळखले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला आणि डॉ. शारदा कबीर या सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब, झाल्या. इंजेक्शने, पथ्य, तपासण्या, झोपेच्या वेळा हा त्यांचा पुढील साडेआठ वर्षांचा संसार होता. आम्हाला वाटते, ज्या पुरुषाने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्याला आपल्या देहासाठी दुसऱ्याचा आधार मागणे सोपे गेले नसेल. तरी त्यांनी तो मागितला.

आजाराची सबब मात्र त्यांनी कधी पुढे केली नाही. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले की आपली प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे. बिल मार्गी लागले नाही. २७ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. प्रकृतीमुळे राजीनामा दिला असा समज पसरू नये, म्हणून निवेदनात त्यांनी तो स्पष्टपणे नाकारला. आजारापायी कर्तव्य सोडणाऱ्यांपैकी आपण नव्हे, असा त्याचा आशय होता. पुढे १९५२ आणि १९५४ असे दोन निवडणूक-पराभव पदरी आले. सामान्य माणूस एवढ्यावर अंथरूण धरतो.

बाबासाहेबांनी या दिवसांत काय केले? शाळेत असताना संस्कृत नाकारली गेलेली होती. आता साठीत त्यांनी पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश रचण्याचे काम चालविले. व्हायोलिन शिकले, चित्रे काढली. प्रकृती साथ देत नसताना १९५४ मध्ये दोनदा ब्रह्मदेशास जाऊन आले आणि २५ डिसेंबरला देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आणि रोज थोडे थोडे करीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला.

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण श्रद्धेचा प्रश्न येथेच येतो. धम्म आपला मधुमेह बरा करील, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. नवस नाही, गंडादोरा नाही. औषध डॉक्टरांकडूनच घेतले. उलट या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते हा सिद्धान्त ठामपणे नाकारला. दीनदुबळ्यांच्या हालाची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकून टाकावी, एवढाच त्याचा उपयोग, असे त्यांचे मत होते. हे मत मांडणारा लेखक स्वतः रोज वेदना सोसत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पानांचे वजन कळते. भगवान बुद्धांचे चरित्रही त्यांच्यासमोर होते. शेवटच्या वर्षावासात वेळुवग्रामी तथागत गंभीर आजारी पडले होते आणि आपल्या देहाची तुलना त्यांनी बांधून-आवळून कसाबसा चालविलेल्या जुन्या गाड्याशी केली होती. अतिसाराने लडबडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले आणि रुग्णाची सेवा ती आपलीच सेवा, असे संघाला बजावले. मुलाचा आजार लपविणाऱ्या पालकांनी विनयपिटकातील हा प्रसंग जरूर वाचावा.

ग्रंथाचे काम पाच वर्षे चालले. १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या काळातील प्रकृतीचे चढउतार नमूद केले. एक वेळ अशी आली होती की डॉक्टर आपल्याला विझत चाललेली ज्योत समजत होते. ती पुन्हा पेटली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे सांगून त्यांनी दोघांचे ऋण मान्य केले. छपाईच्या खर्चाची विवंचना होतीच. सप्टेंबरमध्ये त्यांनी नेहरूंना लिहून सरकारने ग्रंथाच्या ५०० प्रती घ्याव्यात अशी विनंती केली; ती मान्य झाली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात काठीच्या आधाराने ते व्यासपीठावर आले. पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली. मग लाखोंच्या समुदायाला त्यांनी स्वतः त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी प्रदीर्घ भाषण, तिसऱ्या दिवशी चंद्रपूर. नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, परतताना सारनाथ आणि कुशीनारा. ३० नोव्हेंबरला ते दिल्लीस परतले.

५ डिसेंबरच्या रात्री २६, अलीपूर रोड येथे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय चेपून दिले. बुद्धवंदनेची ध्वनिमुद्रिका लावून झाली. ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने त्यांनी उशाजवळच्या मेजावर ठेवावयास सांगितली. ६ डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत. वय ६५.

त्यानंतर काय झाले तेही लिहिणे भाग आहे. ते आजाराने गेले, यावर आपल्यातील अनेकांचा विश्वास बसेना. माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी त्या माउलीला दीर्घकाळ समाजापासून दूर, एकाकी राहावे लागले. आम्हाला असे वाटते की बाबासाहेब किती आजारी होते हे आपल्याला ठाऊकच नव्हते, किंवा ठाऊक करून घ्यावयाचे नव्हते. म्हणून हे घडले. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा मार्चमधील ती प्रस्तावना, पत्नीच्या आणि डॉक्टरांच्या आभारासह, त्यात छापलेली नव्हती. ती वाचकांपर्यंत पोहोचावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली.