डॉ. माधवराव पटवर्धन

स्पॅनिश भाषेंत ‘पापा’ ह्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात दिला तर पोप, दुसऱ्यावर दिला तर बाबा! मराठींत आघातानें असा अर्थ पालटत नाहीं. परंतु पद्यांत अक्षराचें वजन पारखावेंच लागतें. तें शास्त्र मराठींत नीट मांडणारे पुरुष म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, उर्फ कवि माधव जूलियन.

त्यांचा जन्म १८९४ सालीं बडोद्यास झाला. ते प्राध्यापक फारसीचे. पण ध्यास मायबोलीच्या पद्याचा. १९२७ सालीं त्यांची ‘छंदोरचना’ प्रसिद्ध झाली. ‘पुस्तक’ ह्यांतील ‘पु’ हें अक्षर पुढील जोडाक्षराच्या आघातानें गुरु होतें. ‘तुम्ही’ ह्यांतील ‘तु’ मात्र लघुच राहतें. असे सूक्ष्म भेद पारखून त्यांनीं पद्याचे वृत्त, जाति व छंद असे वर्ग लाविले. आपल्या किन्हीराजासारख्या गांवीं जात्यावर गाइलेल्या ओवीलाही त्यांत छंद म्हणून स्थान मिळालें.

तेवढ्यावर संतुष्ट न राहतां त्यांनीं ग्रंथ पुनः तपासून १९३७ सालीं वाढविला. त्याबद्दल मुंबई विद्यापीठानें १९३८ सालीं त्यांस डी. लिट्. पदवी दिली. पुढच्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं, ते निवर्तले.

एकदां केलेलें काम पुनः तपासण्यास जो कंटाळत नाहीं, त्याचेंच काम मागें टिकतें, हें आपण त्यांच्या चरित्रापासून शिकावें.