बॉम्ब पडत होते, तरी लंडनमधली दुपारची मैफल या बाईंनी थांबू दिली नाही

अमेरिकेतल्या शिकागो शहरात बुधवारी दुपारी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मैफल असते. तिकीट नाही, सगळं फुकट. तरुण कलाकार व्हायोलिनवर, पियानोवर बाख किंवा मोझार्ट वाजवतात आणि लोक जेवणाच्या सुट्टीत येऊन ऐकतात. १९७७ पासून चाललेल्या या मैफलीला नाव मात्र लंडनच्या एका बाईंचं आहे. डेम मायरा हेस.

आता या बाई कोण, ते बघू.

मायरा हेस यांचा जन्म १८९० साली लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्या पियानो शिकल्या. १९०७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी ऑर्केस्ट्रासोबत बीथोवनचा कॉन्चेर्तो वाजवला आणि नाव झालं. पुढे अमेरिकेतही त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी व्हायला लागली.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. हवाई हल्ल्याच्या भीतीने लंडनमधली थिएटरं आणि संगीताची सभागृहं बंद झाली. ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं आधीच वेल्सला हलवली होती. भिंती रिकाम्या, कलाकार बेकार आणि लोक घाबरलेले.

मायराबाईंचा अमेरिका दौरा ठरलेला होता. जीव वाचवायचा तर निघून जाणं सोपं होतं. त्यांनी दौराच रद्द केला आणि थेट गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना गाठलं. रिकाम्या गॅलरीत दुपारी मैफली करूया, अशी त्यांची कल्पना होती. क्लार्क यांनी होकार तर दिलाच, शिवाय सोमवार ते शुक्रवार, रोजच करा असं सुचवलं.

१० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली. परवानगी होती २०० लोकांची, आले सुमारे हजार. कुणी येईल की नाही याची धाकधूक असल्याने पहिल्या दिवशी मायराबाई स्वतःच वाजवायला बसल्या. स्कार्लाती, बाख, बीथोवन असा कार्यक्रम होता.

तिकीट फक्त १ शिलिंग, म्हणजे पाउंडाचा विसावा भाग. कारकून, नर्स, सुट्टीवरचे सैनिक, सगळे यायचे. शेजारी कँटीन होतं, तिथे सँडविच मिळायचं. कलाकार मोठा असो की नवखा, मानधन सगळ्यांना सारखंच. मायराबाईंनी स्वतः मात्र एक पैसा घेतला नाही. उरलेली रक्कम गरजू संगीतकारांच्या निधीला जायची.

१९४० मध्ये जर्मन विमानांनी लंडनवर रोज बॉम्ब टाकायला सुरुवात केली. गॅलरीवरही बॉम्ब पडले. मैफल तळघरात गेली, पण बंद पडली नाही. एकदा इमारतीत सापडलेला बॉम्ब मैफल चालू असतानाच फुटला. दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो असं चौघांचं वादन सुरू होतं, ते तसंच पुढे चालू राहिलं.

यातली खरी गंमत पुढे आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन संगीतावर राग निघाला होता. या वेळी ज्यू असलेल्या मायराबाई जर्मन बॉम्बच्या सावटाखाली बाख आणि बीथोवन यांचंच संगीत वाजवत होत्या. हिटलर जर्मन होता म्हणून बाख शत्रू होत नाही, हे त्यांनी भाषण न करता दाखवून दिलं.

१९४१ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. १९४२ च्या 'लिसन टू ब्रिटन' या माहितीपटात त्या गॅलरीत मोझार्ट वाजवताना दिसतात आणि श्रोत्यांमध्ये खुद्द राणी बसलेली दिसते.

एप्रिल १९४६ मध्ये या मैफली थांबल्या. तोवर १,६९८ मैफली झाल्या होत्या आणि ८ लाखांहून जास्त लोकांनी त्या ऐकल्या होत्या. १९६१ मध्ये आजारपणामुळे मायराबाईंचं जाहीर वादन सुटलं आणि १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर बारा वर्षांनी शिकागोत दुपारची मैफल सुरू झाली. नाव कुणाचं द्यायचं, याचं उत्तर लंडनमध्येच होतं. फरक एवढाच की इथे तो १ शिलिंगसुद्धा लागत नाही.