खरा रविवर्मा कोणता?

आमच्या कडेगावच्या घरी देवघरावर लक्ष्मीची एक जुनी तसबीर आहे. कमळात उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, हातांत कमळे, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. गेल्या वर्षी जुन्या वस्तू विकत घेणारे एक गृहस्थ गावात आले होते. त्यांनी काच उतरवून कागदाच्या कडा न्याहाळल्या आणि मान हलवली. चौकटीत बसवताना खालची पट्टी कापली गेली होती. चित्र रविवर्म्याचे असेलही, परंतु तसा दाखला कुणी देणार नाही, असे सांगून ते निघून गेले. आजीला राग आला. तीन पिढ्यांनी जिच्यापुढे दिवा लावला ती लक्ष्मी खरी की खोटी हे ठरवणारा हा कोण, असा तिचा सवाल होता. मला मात्र त्या कापलेल्या पट्टीने अस्वस्थ केले आणि मी राजा रविवर्म्यांचे चरित्र वाचू लागलो.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. नावामागे ‘राजा’ असले तरी ते कुठल्या गादीवर बसलेले राजे नव्हते. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढीत. भाच्याचा हात त्यांनी ओळखला आणि चौदाव्या वर्षी त्याला त्रिवेंद्रमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते आणि जाणणारे ती विद्या सहजासहजी देत नसत. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा परदेशी चित्रकार दरबारात आला. त्याने या तरुणाला शेजारी बसून पाहण्याची मुभा दिली, एवढेच. पाहून पाहून आणि चुकत चुकत रविवर्मा शिकले. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नालाही त्यांचे चित्र गौरवले गेले.

महाराष्ट्राशी त्यांची गाठ पडली ती बडोद्यामार्गे. सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगवली. बडोद्याला जाण्यापूर्वी ती मुंबईत मांडली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. ज्यांना राजवाड्याचा उंबरठा ओलांडता येत नव्हता त्यांनी प्रथमच नळ-दमयंती, शंतनू-गंगा हाडामांसाची माणसे म्हणून पाहिली. ही ओढ सर टी. माधवराव यांनी आधीच ओळखली होती. तंजावरकडच्या मराठी कुळातले हे दिवाण. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, असे त्यांनी १८८४ मध्येच सुचवले होते. रविवर्म्यांनी पुढे छापखानाच इकडे आणला.

१८९४ साली मुंबईत गिरगावला, गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत, जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर घेऊन छपाई सुरू झाली. पहिले चित्र शकुंतलाजन्माचे होते असे सांगतात. पुण्यात चित्रशाळा १८७८ पासून होतीच, म्हणजे देवदेवतांची छापील चित्रे काही नवी नव्हती. नवी होती ती तैलचित्राची छटा कागदावर उतरवण्याची हौस. दगडाच्या गुळगुळीत पाट्यांवर कारागीर ठिपक्याठिपक्यांनी चित्र काढी. प्रत्येक रंगाला पाटी वेगळी. एकाच कागदावर या पाट्या एकामागून एक उठत. एखादी पाटी केसभर सरकली की लक्ष्मीचे ओठ गालावर! शेवटी कागदाला चकाकी देत. पुढे घरोघरच्या बायकांनी त्यावर जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवल्या ते निराळेच.

धंदा मात्र रविवर्म्यांना मानवला नाही. छापखाना गिरगावातून घाटकोपरला आणि तिथून १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्लेग आणि कर्ज दोन्ही पाठीस लागले होते. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला, आणि त्याबरोबर आपली चित्रे छापण्याचा हक्कही दिला.

माझ्या मते घोटाळ्याचे मूळ इथे आहे. छापखान्याचे नाव ‘रविवर्मा प्रेस’च राहिले. तिथे धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रेही छापली गेली आणि खालच्या पट्टीवर नाव तेच आले. बाहेरच्या छापखान्यांनी नकला काढल्या त्या वेगळ्या. म्हणजे आमची पट्टी शाबूत असती तरी तिने साक्ष दिली असती ती छापखान्याची, कुंचल्याची नव्हे. मूळ तैलचित्रांचेही तसेच. धाकटे बंधू सी. राजराज वर्मा बरोबरीने रंगवत, मागचे डोंगर, आकाश, झाडे पुष्कळदा त्यांच्या हातची असत. आज कलात्मक छायाचित्रे काढणारे मोजक्याच प्रती काढतात, प्रत्येकीवर सही आणि क्रमांक घालतात, सोबत प्रमाणपत्र देतात. रविवर्म्यांना याच्या नेमके उलट हवे होते. प्रती जितक्या निघतील तितक्या थोड्याच.

१९०४ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. १९०५ च्या आरंभी बंधू वारले आणि ते खचले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला त्यांचे निधन झाले. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि बरेच दगड गेले. त्याच वर्षी पुरावस्तू व कलानिधींचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये रविवर्म्यांची चित्रे कलानिधी ठरून देशाबाहेर नेण्यास बंदी आली.

औंधच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आहेत. सहलीत ती पाहिली तेव्हा रंगाचे थर तिरप्या उजेडात दिसले. घरी परतल्यावर मी भिंग घेऊन आमच्या लक्ष्मीकडे वळलो. हल्लीच्या यंत्रछपाईत ठिपके शाळेच्या रांगेसारखे एका मापाने उभे असतात. आमच्या लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे निघाले, हाताने एकेक टाकलेले. म्हणजे तसबीर दगडावरची आहे एवढे नक्की. छापखाना गिरगावचा, मळवलीचा की भलताच, ते त्या पट्टीबरोबर गेले. आजीने काच पुसून घेतली आणि घटस्थापनेच्या आधी तसबीर पुन्हा खिळ्याला लावली.