बाबा आमटे : हाताला काम देणारा माणूस



२६ डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांतून बाबा आमटे यांच्यावर भाषणं होतात. मुलं पाठ करून येतात आणि बहुतेक भाषणांत बाबांनी कुष्ठरुग्णांची सेवा केली, इथवर येऊन थांबतात. ते खरंच आहे, पण अर्धंच आहे. बाबांचं मोठं काम जखमा धुण्याच्या पुढे सुरू होतं. बऱ्या झालेल्या, पण बोटं गेलेल्या मोठ्या माणसाने आता पोट कसं भरायचं? हा प्रश्न त्यांनी हातात घेतला. आज त्याच अंगाने त्यांचं चरित्र पाहू. कारण तो प्रश्न आपल्या गावातही आहे. दिव्यांग मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत शाळा आणि विशेष शिक्षक त्याच्याकडे बघतात. पुढे ते ओटीवर बसून राहतं आणि आपण हजेरीपटातून नाव कमी करून मोकळे होतो.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, हौसमौज भरपूर. तरुणपणी स्वतःची मोटार, इंग्रजी सिनेमांचं वेड. वकील झाले आणि वरोऱ्यात वकिली चांगली चालली. पण मन लागेना. नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे हाल पाहिले, तेव्हा काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. (मुलांना हे सांगताना वर्गात आधी नाकं मुरडली जातात, मग एकदम शांतता होते. सांगून बघा.) १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी लग्न झालं. त्याच आपल्या साधनाताई.

एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेच्या गटाराजवळ त्यांना तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने झडलेला, किडे पडलेला, पण जिवंत. इतका धीट माणूस घाबरून पळाला! मात्र ती भीती बाबांना सहन होईना. ते परत गेले, त्याला आडोसा केला, खाऊ घातलं, शेवटपर्यंत सोबत केली. मग त्यांनी भावनेवर काम सोडलं नाही, विषय शिकून घेतला. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात मनोहरजी दिवाण यांच्याकडे काम पाहिलं आणि १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिक्षण घेतलं. तिथे रोगजंतूंवरच्या प्रयोगासाठी स्वतःचं शरीरही देऊ केलं.

वरोऱ्याजवळ सरकारकडून पन्नास एकर खडकाळ, साप-विंचवांची जमीन मिळाली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. त्यात साधनाताई आणि दोन लहान मुलं, विकास आणि प्रकाश. १९५१ च्या जूनमध्ये विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. विनोबा म्हणजे आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, हे हमरापूरच्या मुलांना जरूर सांगा. वरोरा मग एवढं लांब वाटत नाही.

आधी विहीर खणायची होती. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, फोड आला, तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशा हातांना काम द्यायचं तर अवजाराची मूठ जाड करावी लागते, कापड गुंडाळावं लागतं, संध्याकाळी हातपाय तपासावे लागतात. म्हणजे कामाला माणूस शोधण्याऐवजी माणसाच्या हाताला बसेल असं काम बेतावं लागतं. माझ्या मते आनंदवनाची सगळी गंमत इथेच आहे. भीक मागून जगणारी माणसं तिथे विहिरी खणू लागली, धान्य आणि भाजी पिकवू लागली.

पण ती भाजी विकत कोण घेणार? गावातले लोक हात लावेनात. पन्नाशीच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी इमारती बांधल्या, तिथलंच अन्न जेवले. ते पाहून वरोरेकरांची भीड चेपली. परक्यांनी जेवून दाखवावं लागलं, हे जरा लागतंच मनाला.

पुढे शेती वाढली, हातमाग आले, शिवण, सुतारकाम, छपाई आली. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. अपंग तरुणांना धंदेशिक्षण देणारं संधिनिकेतन उभं राहिलं. नावातच बघा, दया नाही, संधी आहे. साठच्या दशकात तर आनंदवनाच्या जमिनीवर महाविद्यालय झालं. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं होतं, त्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या इमारतीत त्याच गावांतली धडधाकट मुलं शिकायला येऊ लागली!

युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्येच मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं होतं, पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेलं. सैनिकाच्या पाठीशी निदान सरकार होतं. कुष्ठमुक्त मजुराच्या मागे कोणी नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत कुष्ठमुक्त व्यक्तीही आहे. सरकारी नोकरीत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पालकहो, ते काढून ठेवलंय का?

आणि नोकरीच कशाला हवी? आपल्या हमरापूर-जोह्यात गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंग देणं, डोळे आखणं, दागिन्यांचं काम, किती वेगवेगळे टप्पे! ज्याचे पाय साथ देत नाहीत पण हात स्थिर आहे, त्याच्यासाठी पाट जरा उंच करून दिला, रंग हाताशी ठेवले, तर तो आखणी शिकू शकतो. ज्याला ऐकू येत नाही त्याची तर रंगकामात काहीच अडचण नाही. यंदा पालकसभेत कारखानदार पालकांशी याच विषयावर बोलायचं मी ठरवलंय.

बाबांच्या उतारवयात हीच वेळ त्यांच्यावर आली. मणक्याच्या आजाराने त्यांना बसताच येईना. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तरी १९८५ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांनी तरुणांना घेऊन कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. तरुण सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. सभा आली की उठून उभे राहायचे, बोलायचे, पुन्हा आडवे व्हायचे. गाडीत बिछाना बसवला की काम सुरू.

त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरलं.